दीड वीत

चादरींच्या गावात वाकळ शिवणारीला
लोक हसतात. हसू देत.
आमच्या गल्लीत सात घरांत लूम,
पहाटेपासून टॉवेलांचे ताके पडतात,
आणि मी भरदुपारी उंबऱ्यात बसून
जुन्या लुगड्यांना टाके घालते.
पोस्टमनसुद्धा विचारून गेला,
"काकू, कारखान्यात कमी पडलं काय?"

ही आम्ही दोघींनी धरली होती,
मी आणि महानंदा, माझी नणंद.
ती त्या कडेने, मी या कडेने,
मध्ये कुठेतरी भेटायचं होतं.
आत सासऱ्यांची दोन धोतरं,
खिशाशी शाई उतरलेला त्यांचा मिलचा सदरा,
सिद्रामची दुपटी,
आणि एक फाटका परकर,
जो कुणाचा ते दोघींनीही कबूल केलं नाही.

दीड वीत उरली होती
तेव्हा तिने न विचारता कापला
माझ्या इरकलीचा काठ.
लग्नातली इरकल. ट्रंकेत तळाशी होती.
"नेसतीस कुठं आता?" म्हणाली.
खरं होतं. म्हणून जास्त लागलं.
मी तिच्या सारख्या माहेरी येण्यावर बोलले,
तिच्या रिकाम्या ओटीवर बोलले.
तिने कात्री खाली ठेवली, उठली.
चहावर साय धरली तिच्या.

अकरा वर्षं.
दोनदा घर बदललं.
हमाल म्हणाला, ट्रंकेत दगड भरलेत काय.
गड्ड्यावर एकदा दिसली,
पाळण्याच्या रांगेत, शेजाऱ्यांची पोरं घेऊन.
मी बांगड्यांच्या दुकानात शिरले
आणि नको असलेल्या डझनभर भरून घेतल्या.

या संक्रांतीनंतर थंडी हटेना.
ट्रंक उघडली. कडुलिंबाचा पाला चुरा झालेला.
तिच्या बाजूला तिची सुई तशीच टोचलेली,
गंजलेली, दोऱ्यासकट.

मी माझ्या बाजूने सुरू केलं.
पूर्वी टाका तांदळाएवढा यायचा,
आता शेंगदाण्याएवढा.
लाइट गेली की सगळे लूम एकदम थांबतात,
तेव्हा कापडातून दोरा ओढल्याचा आवाज येतो.
विसरलेच होते मी तो.

चार बोटं उरली. थांबले.
तिची सुई काढली नाही.
सिद्रामला म्हटलं, जुळ्या सोलापुरात जा, आत्याकडे,
सांग, वाकळीचं तोंड उघडं राहिलंय.
एवढंच सांग.
शेंगाचटणी दिली बरोबर,
रिकाम्या हाताने जाऊ नये.

नऊ दिवस काही नाही.
मग एका मंगळवारी दाराशी रिक्षा.
चपला काढता काढताच म्हणाली,
"टाके केवढाले घातलेत, वैनी."
बसली. जुनी सुई उपसली.
तिथे तांबूस ठिपका राहिला, इरकलीच्या काठावरच.
धुऊन जायचा नाही तो.
नवी सुई माझ्यापुढे धरली, ओवून दे म्हणून.
दोन चष्मे, एक नेढं.
सात वेळा दोरा बाजूने गेला.
शेवटी लूमवरच्या पोराने ओवली
आणि हसत पळाला.

मिटवण्याआधी आमच्यात
वाकळीच्या पोटात घास ठेवतात.
ती उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला झोप नाही.
मी कडक भाकरी आणली.
"मुंग्या लागतील की," म्हणाली,
आणि स्वतःच ठेवला तुकडा, नखाएवढा.

त्या दिवशी जे बोलले ते
माझ्या ओठांशी आलं होतं.
तिचा शेवटचा टाका चालला होता.
गाठ मारली, दोरा दाताशी नेला,
मग पुढचे दात नाहीत हे आठवलं असावं.
माझ्याकडे न बघता हात पुढे केला:
"कात्री दे."

दिली.